कॅज्युअल्टीतल्या मानसिक इमर्जन्सीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग: जरूर करा, पण वॉर्डबॉय मामांनाही सोबत न्या

तालुक्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीला काम करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, डॉक्टर असोत, सिस्टर असोत की ब्रदर. मी स्वतः स्टाफ नर्स, बरीच वर्षं कॅज्युअल्टीलाच आहे. नुकतंच पुण्यात एक वर्कशॉप केलं, विषय असा की इमर्जन्सीत येणारे नेहमीचे मानसिक आजार कसे ओळखायचे आणि सायकॅट्रिस्ट येईपर्यंत आपण काय करायचं. घेणाऱ्यांचं नाव इथे टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेसेज करा, सांगते. पाचपैकी चार स्टार, आणि जो एक स्टार कापलाय तो विचार करून कापलाय.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खूपच आहे.

आपल्याकडे काय होतं, चार नातेवाईक एकाला धरून आणतात, तो ओरडतोय, शिव्या देतोय, आणि दारातूनच कोणीतरी म्हणतं सायकॅट्रीची केस आहे, की तिथून पुढे त्याला बीपीचा पट्टासुद्धा कोणी लावत नाही. पहिलं सेशन याच्यावरच होतं आणि माझी फी तिथेच वसूल झाली. सरांनी नाव-गाव काढून एकामागून एक केसेस स्क्रीनवर टाकल्या आणि प्रत्येक वेळी हात वर करायला लावायचे, मानसिक म्हणता की शारीरिक? एक आजी, बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू, दोन दिवसांपासून असंबद्ध बोलतायत आणि सुनेला ओळखत नाहीत, तर सोडियम खाली आलेलं. डायबेटिसचे एक काका, इन्सुलिन घेतलं आणि जेवले नाहीत, मुलावर धावून गेले, शुगर ३८. एक कॉलेजचा मुलगा, अंग तापलेलं पण कोरडं ठणठणीत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, हवेतून काहीतरी वेचतोय, तर धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या. ह्या तिघांपैकी एकालाही मानसिक आजार नव्हता, आणि वर्गातले निम्मे हात चुकीच्या बाजूला गेले होते, त्यात एमडी झालेले पण होते.

आणि एक केस तर आपल्या भागातली रोजची. फवारणीचं औषध प्यायलेला माणूस, विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू आहे, जरा बरा वाटतोय म्हणेपर्यंत रात्री कॉटवरून उठून पळायला लागतो, सलाईन उपसतो, चादरीवरचं काहीतरी चिमटीत धरायला बघतो, आणि केसपेपरवर लिहिलं जातं पेशंट व्हायोलंट, सायकॅट्री रेफरन्स. सरांनी सांगितलं की अशा वेळी आधी अंगाला हात लावून बघा, गरम आणि कोरडं आहे का, नाडी पळतेय का, पोटावर स्टेथो ठेवा आवाज येतोय का, लघवी तुंबलीय का, म्हणजे ॲट्रोपिन जास्त झालेलं असू शकतं आणि मग डोस बघायचा, हातपाय बांधत बसायचं नाही. हे ऐकताना मागच्या रांगेतले बरेच जण एकमेकांकडे बघत होते, सगळ्यांनी हे पेशंट पाहिलेले आहेत.

ओळखायची खूण म्हणून त्यांनी जे सांगितलं ते कोणालाही जमेल. सकाळी बरा, दुपारी गुंगीत, रात्री गोंधळलेला, असं वरखाली होतंय का ते नातेवाईकांना विचारायचं. आणि पेशंटला रविवारपासून उलटे वार सांगायला लावायचे. रविवार, शनिवार, शुक्रवार इथपर्यंत येऊन ज्याचं लक्ष निसटतं, मध्येच दुसरंच बोलतो, त्याच्याबाबतीत डिलिरियमचा संशय घ्यायचा, म्हणजे मेंदूला शरीरातूनच काहीतरी त्रास होतोय. स्किझोफ्रेनियाचा पेशंट आवाज ऐकत असला, संशय घेत असला तरी आज कुठे आहे, कोणी आणलंय हे बहुतेक वेळा नीट सांगतो. चाळिशीच्या पुढे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी असं वागायला लागलं, किंवा माणसाला माणसं-प्राणी-किडे दिसायला लागले, तर आधी शरीरात कारण शोधा. शुगर, ऑक्सिजन, ताप, नाडी, बीपी, डोक्याला मार, लघवी. हे सगळं नर्सच्याच हातात असतं, कोणाच्या ऑर्डरची वाट बघावी लागत नाही.

दारूचं सेशन मॅडमनी घेतलं आणि ते मला सगळ्यात जास्त भिडलं कारण मॅडम आपल्याच मातीतलं बोलत होत्या. श्रावण लागला की दारू बंद, गणपती आले की बंद, कोणी माळ घालतो, कोणी पोरीच्या लग्नाची शपथ घेतो. घरचे खूश असतात. आणि रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणारा माणूस एकदम थांबला की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम, झोप नाही, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डीटी, म्हणजे दारू तुटल्यावरचं डिलिरियम, सुरू होतं, भिंतीवर मुंग्या दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, घाम फुटलेला, नाडी १३०. गावात याला बाहेरचं काहीतरी झालं म्हणतात, काही ठिकाणी तर देवाचा कोप म्हणतात कारण झालेलं असतं श्रावणातच. पाय मोडून ॲडमिट झालेला माणूस तिसऱ्या दिवशी ऑर्थोच्या वॉर्डात अचानक उठून पळतो ते पण हेच. मॅडमचं म्हणणं एवढंच की प्रत्येक ॲडमिशनला शेवटची दारू कधी घेतली हे विचारा आणि तारीख-वेळ लिहा, पितो की नाही एवढं विचारून उपयोग नाही.

याच्या उपचारात लोराझेपाम नाहीतर डायझेपाम ही शांत करणारी औषधंच मुख्य, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरं, नुसतं सेरेनेस (म्हणजे हॅलोपेरिडॉल) देऊन भागत नाही, उलट फिट येण्याचा धोका वाढतो. आणि थायमिन, म्हणजे बी-वन व्हिटॅमिन. आपल्याकडे दारूवाला आला की पहिली डीएनएस, म्हणजे ग्लुकोजची सलाईन, लटकवायची सवय आहे, मॅडमनी हे जवळजवळ हात जोडून सांगितलं की थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर, नाहीतर ज्याच्या अंगात बी-वन आधीच संपलंय त्याचा मेंदू कायमचा अधू होऊ शकतो, डोळे फिरतात, चालताना तोल जातो, आठवण जाते. पण शुगर खरंच खाली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नाही, दोन्ही सोबत द्यायचं. थायमिन स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, आणि तरी कितीतरी कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोल प्ले. नाटकात काम करणारा एक मुलगा पेशंट म्हणून आणलेला, त्याला सांगितलं होतं की समोरचा जसा वागेल तसं वाग. पहिले जे डॉक्टर गेले त्यांनी दारात उभं राहून मोठ्या आवाजात शांत व्हा, शांत व्हा म्हटलं, तो मुलगा स्टूल उचलून उभा राहिला. मग एक ब्रदर गेले, सोलापूरकडचे होते, त्यांनी बाकी सगळ्यांना मागे जायला सांगितलं, स्वतः दोन हात लांब थांबले, दरवाजा मोकळा ठेवला, हात समोर दिसतील असे खाली, आणि हळू आवाजात म्हणाले, "दादा, मी इथला ब्रदर आहे. इथं तुम्हाला कोणी मारणार नाही. पाणी देऊ का?" मुलगा काही बोलला नाही. ते परत म्हणाले, "बसायचं का? मी पण बसतो." आणि खरंच बसले. हळूहळू तो मुलगा पण टेकला. नंतर आम्ही त्याला विचारलं तर म्हणाला की ते खाली बसले तेव्हा उभं राहून ओरडणं मलाच अवघड व्हायला लागलं. हे सगळं तीन-चार मिनिटांत. एकानेच बोलायचं, पाच जणांनी पाच बाजूंनी नाही, नाव घेऊन बोलायचं, छोटी वाक्यं, त्याला जे दिसतंय ते खोटं आहे म्हणून भांडायचं नाही, आणि गोळी देतानाही तोंडाने घेता की इंजेक्शन असं विचारायचं. विचारल्यावर पुष्कळ जण गोळी घेतात म्हणे, आणि मला ते पटतं.

त्याच्यानंतर बांधण्याचं दाखवलं. सरांनी एका डॉक्टरच्याच मनगटाला आपल्या नेहमीच्या गॉझच्या बँडेजने कॉटला बांधलं आणि हात ओढायला सांगितला. दोन-तीन झटक्यांत बँडेजची दोरी झाली, मनगटाभोवती लाल वळ, बोटं पांढरी पडायला लागली. सगळे एकदम गप्प. मग कापसाचं जाड पॅडिंग, रुंद पट्टी, एक बोट आत जाईल एवढी ढिली, गाठ पेशंटच्या हाताला न लागेल पण आपल्याला एका ओढीत सुटेल अशी, पालथं झोपवायचं नाही, छातीवर-पाठीवर कोणी बसायचं नाही कारण श्वास कोंडून माणूस दगावतो, आणि दर पंधरा मिनिटांनी बोटं, नाडी, श्वास बघून लिहायचं. कायद्यातही, म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, स्वच्छ लिहिलंय की तात्काळ धोका असेल आणि दुसरा मार्गच नसेल तरच बांधायचं, शिक्षा म्हणून नाही आणि स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. ते कलम मेंटल हॉस्पिटलांसाठी आहे हे खरं, पण आपल्या कॅज्युअल्टीत त्याहून कमी पाळायचं कारण मला तरी दिसत नाही.

इंजेक्शनांचं सेशन डॉक्टरांसाठी जास्त होतं पण आम्हालाही समजलं. सेरेनेस आणि फिनर्गन (ॲलर्जीवरचं प्रोमेथाझिन) एकत्र का देतात हे इतकी वर्षं देत असून कोणी सांगितलं नव्हतं. वेल्लोरच्या सीएमसीमध्ये २०० पेशंटवर अभ्यास झाला, २००४ साली छापून आला, एका बाजूला लोराझेपाम आणि दुसऱ्या बाजूला ही जोडी, शांत दोन्हीने झाले पण जोडीने लवकर झाले. आणि ब्राझीलमध्ये रिओला नुसतं हॅलोपेरिडॉल देऊन बघितलं तेव्हा मान-जबडा आखडण्याचा त्रास एवढा दिसला की तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. हा आखडण्याचा प्रकार लक्षात ठेवा बरं का, कारण असा पेशंट दुसऱ्या दिवशी परत येतो, मान वाकडी, डोळे वर गेलेले, जीभ बाहेर, आणि घरचे म्हणतात याला कोणीतरी करणी केली. उलटीसाठी पेरीनॉर्म दिलेल्या तरुण पोरींनाही होतं. फिनर्गनचं एक इंजेक्शन आणि थोड्या वेळात मान सरळ. पण त्याच औषधांवरच्या पेशंटला ताप आला, अंग लाकडासारखं ताठ झालं, घाम, गोंधळ, तर ते वेगळं आणि जिवावरचं, औषध बंद करून सरळ आयसीयूला. (हे औषधांचं वाचून घरी कोणी कोणाला काही देऊ नका, स्टाफसाठी लिहितेय.)

आता अमोनिया. बेशुद्ध पडलेली मुलगी येते, नवीन लग्न झालेली, डोळे घट्ट मिटलेले, हातपाय झाडतेय, रिपोर्ट नॉर्मल, आणि मग तिच्या नाकाला अमोनियाचा बोळा दाबून धरायचा, छातीच्या हाडावर बुक्की घासायची, नाटक करतेय म्हणून. मॅडम म्हणाल्या हा छळ आहे, उपचार नाही. अपस्माराच्या फिटमध्ये डोळे बहुतेक उघडे असतात, या मानसिक कारणाच्या झटक्यात मिटलेले असतात आणि उघडायला गेलं तर ती अजून मिटते, मान दोन्हीकडे हलते, झटका लांबतो, मध्येच थांबून परत सुरू होतो, पण काहींना दोन्ही आजार असतात म्हणून खात्री नसेल तर फिट समजूनच चालायचं. आणि हे ती मुद्दाम करत नाही. पडदा ओढा, सासरची गर्दी बाहेर काढा, एक सिस्टर शेजारी बसा, तू सुरक्षित आहेस, हे थांबणार आहे असं सांगत रहा. थांबल्यावर एकटीला विचारा घरी काय चाललंय, कोणी मारतं का. नवऱ्यासमोर विचारलं तर ती काहीच सांगणार नाही.

पॅनिकवर फार वेळ घालवला नाही आणि गरजही नव्हती. ईसीजी काढायचाच, पण नॉर्मल आला की तुम्हाला काही झालं नाही, घरी जा, हे वाक्य म्हणायचं नाही, कारण त्या माणसाला पाच मिनिटांपूर्वी आपण मरतोय असं वाटलेलं असतं. हा पॅनिक अटॅक आहे, खरा आहे, याने जीव जात नाही आणि याला उपचार आहे, एवढं सांगून ओपीडीची तारीख द्यायची. तोंडावर कागदी पिशवी धरायची नाही.

एक व्हिडिओ दाखवला, परवानगी घेऊन काढलेला, चेहरा झाकलेला. विशीतली मुलगी, कित्येक दिवस बोलली नाही, जेवली नाही, हात वर उचलून सोडला तर तिथेच हवेत राहतो. आधी मांत्रिक करून झालेला. तिला लोराझेपामचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांनी तिने ओठ हलवले आणि पाणी मागितलं. कॅटाटोनिया म्हणतात याला. माझ्या शेजारच्या डॉक्टर मॅडम रडत होत्या. प्रत्येकाला एवढ्या पटकन गुण येतो असं नाही हेही सरांनी लगेच सांगितलं, ते मला आवडलं.

आत्महत्येच्या प्रयत्नावरचं सेशन चांगलं होतं पण अजून मोठं हवं होतं. विष प्यायलेल्याचं पोट धुतो, ॲट्रोपिन, पाम (विषावरचं दुसरं इंजेक्शन), व्हेंटिलेटर, सगळं करतो, माणूस वाचला की डिस्चार्ज, आणि मरावंसं का वाटलं हे शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. विचारलं तर डोक्यात येईल अशी भीती असते, तसं होत नाही. सरळ विचारायचं, जीव नकोसा झालाय का, अजूनही मरावंसं वाटतं का, कसं करायचं ते ठरवलंय का. आणि घरच्यांना सांगायचं की फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे, सोबत कोणीतरी रहा. पोलीस केसची भीती घालणारे अजूनही आहेत, त्यांनी ऐका, २०१७ च्या कायद्याच्या ११५ कलमाप्रमाणे असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद आपण करतो ते वेगळं, पण गुन्हा लागेल म्हणून धमकावून कोणाला खासगीत पळवून लावू नका.

आता कापलेला स्टार.

एक तर कायदा शेवटच्या अर्ध्या तासात उरकला, लोकांच्या बॅगा भरून झालेल्या. ९४ कलम, म्हणजे इमर्जन्सीत सायकॅट्रिस्ट नसला तरी कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, पेशंटचा नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, विजेचा शॉक मात्र द्यायचा नाही, हे तर तालुक्याच्या डॉक्टरला सगळ्यात कामाचं, ते एका स्लाईडवर. रात्री दोनला जिल्ह्याला रेफर करण्याआधी इथे काय काय करता येतं याच्यावर तासभर पाहिजे होता. टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, १४४१६ नंबर सांगितला, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पण तो नातेवाईकांना डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या एवढं साधं कोणी म्हटलं नाही, मी उठून म्हटलं.

दुसरं, बाळंतिणीबद्दल एक शब्द नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाईला झोप लागेनाशी होते, एकदम काहीबाही बोलायला लागते, बाळ माझं नाहीच म्हणते, ही मोठी इमर्जन्सी आहे, आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, आणि आपल्याकडे तिला बाळंतवात झाला म्हणून शेक देत घरात ठेवतात. ज्या हॉस्पिटलात लेबर रूम आहे तिथल्या लोकांना हे शिकवायचं नाही तर काय शिकवायचं? मी प्रश्न विचारला, उत्तर चांगलं दिलं, पण ते सेशनमध्ये असायला पाहिजे.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले. हॉलमध्ये जवळपास सगळे डॉक्टर, आम्ही मोजक्या सिस्टर-ब्रदर, आणि वॉर्डबॉय मामा एकही नाही, मावशी नाही, सिक्युरिटी नाही, १०८ ॲम्ब्युलन्सचा पायलट म्हणजे ड्रायव्हर नाही. आता सांगा, असा पेशंट दारात आला की त्याच्या अंगाला पहिला हात कोणाचा लागतो? मामांचा आणि गार्डचा. बांधतो कोण? मामा. छातीवर गुडघा कोण ठेवतो, आणि तो ठेवतो कारण त्याला वीस वर्षांत दुसरं काही कोणी दाखवलेलंच नाही, आणि मार खातो, चावे खातो ते पण तोच. बँडेजचं ते प्रात्यक्षिक ज्यांनी बघायला पाहिजे ते तिथे नव्हतेच. मी फीडबॅक फॉर्मवर हेच मोठ्या अक्षरात लिहिलं. स्लाईड्स सगळ्या इंग्रजीत, त्या मराठीत केल्या आणि फी निम्मी केली तर चतुर्थ श्रेणीचे लोक नक्की येतील, शिकायला कोणाला आवडत नाही असं मला तरी दिसलेलं नाही.

परत आल्यावर मी आमच्या मामांना आणि नाईटच्या गार्डला दुपारच्या शिफ्टला अर्धा तास गोळा करून ते पॅडिंग आणि गाठ दाखवली, आणि दोन हात लांब उभं राहून बोलायचं ते पण. त्यातल्या सगळ्यात जुन्या मामांनी विचारलं, "सिस्टर, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं कोणी?" त्यांनीच मग जुन्या साड्या आणि कापूस आणून रुंद पट्ट्या शिवून घेतल्या, आता त्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात असतात, ग्लुकोमीटर आणि थायमिनच्या शेजारी.

बाकी व्यवस्था ठीक, जेवण चांगलं, चहा वेळेवर, पार्किंग नाही, स्वारगेटवरून रिक्षा करा. सर्टिफिकेट मिळतं. बॅच छोटी असते आणि लवकर भरते म्हणून आधी फोन करा, आणि फोन केलात की आमच्या दोन वॉर्डबॉयना पण घ्याल का हे विचारा, चार-पाच हॉस्पिटलांनी विचारलं तर पुढच्या बॅचला त्यांना घ्यावंच लागेल.